पेपरातला आदिवासी आणि पाड्यावरचा माणूस

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात एप्रिल २००८ मध्ये झालेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. दोन ठिकाणी टेप अडकली, तेवढे गाळले आहे.)

मागं बसलेल्या आयाबायांनो, जरा पुढं सरका. दारात बसाल तर ऐकायला येणार नाही, आणि शेवटी तुमच्याच कामाचं बोलायचं आहे.

पत्रिकेत माझा विषय लिहिलाय ‘प्रसारमाध्यमे आणि आदिवासींची अस्मिता’. विषय लिहिणारा आपलाच शिकलेला कार्यकर्ता आहे, त्याला मी काही बोलत नाही. पण मी त्याला म्हटलं, बाबा, सकाळपासून दाव्याच्या फॉर्मवर चाललंय, लोकांना पावसाच्या आधी दावे टाकायचे आहेत, मध्येच हे पेपर-टीव्हीचं कशाला? मग रात्री विचार केला तेव्हा ध्यानात आलं की हा फॉर्मचाच विषय आहे. आपल्याबद्दल कोण काय लिहितो, आणि त्या लिहिण्यानं आपल्या जमिनीचं काय होतं, एवढंच मी बोलणार.

२००२ सालापासून सुरुवात करतो. त्या वर्षी ३ मे ला दिल्लीच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र धाडलं, की ३० सप्टेंबरच्या आत जंगलातली अतिक्रमणं काढून टाका. आमच्या पाड्यावर गाड्या आल्या त्या पावसाच्या तोंडाला. राब भाजून झाले होते, नागली-वरईचं बी घरात तयार होतं. बांध फोडले, माळ्यावरच्या दोन झोपड्या मोडल्या, नांगर उचलून नेले. चार दिवसांनी शाळेच्या गुरुजींनी पेपर आणून दिला. मथळा होता वनजमीन अतिक्रमणमुक्त झाल्याचा. खाली किती हेक्टर ते, आणि अतिक्रमकांनी वनकर्मचाऱ्यांना घेराव घालण्याचा प्रयत्न केला असं. आमच्यातल्या एकाचंही नाव नाही, एकाचंही बोलणं नाही.

माझी आई शिकलेली नव्हती. तिला मी ते वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “अतिक्रमक म्हंजे कोण रं?”

म्हटलं, “आपण, आये.”

“न मुक्त कोण झालं?”

“जमीन.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “जमिनीला कोणी बांधलेली व्हती?”

त्या वेळी मला हसू आलं. नंतर दोन वर्षांनी एका मोर्चात शेजारच्या गावच्या दादाला विचारलं, दादा तुमची जमीन किती? तो म्हणाला, “माझं अतिक्रमण तीन एकर हाय.” असं सरळ, जसं कोणी सांगेल माझ्या दोन गाई आहेत. त्याचा आजा त्या जमिनीत नागली पिकवायचा. तेव्हा मला हसू आलं नाही. पेपरातला शब्द आपल्या तोंडात कधी येऊन बसला ते कळलंसुद्धा नाही. अजून प्रांताकडं गेलोच नाही, त्याच्या आधीच आपण स्वतःला चोर लिहून दिलं.

आता पेपरवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे, आपल्या सभांमध्ये त्याला टाळ्या पण पडतात. मी तसं करणार नाही. ती बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराला मी पुढं भेटलो. तालुक्याच्या बाजारात त्याचं छोटं दुकान आहे. पेपर त्याला महिन्याला जे देतो त्यात बसचं भाडं पण निघत नाही. त्याला जाहिराती आणाव्या लागतात: २६ जानेवारी, पुढाऱ्याचा वाढदिवस, दिवाळी. जाहिराती कोण देतो? ठेकेदार, पुढारी, मोठा दुकानदार. बातमी कुठून येते? ऑफिसातून छापील कागद येतो, प्रेसनोट. पोलिसांचा येतो, फॉरेस्टचा येतो. तोच तो खालीवर करून पाठवतो. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही पाड्यावर आला का नाहीत? तो म्हणाला, “तुमचा पाडा मोटारीच्या रस्त्यापासून सात किलोमीटर. तुमच्याकडून एक कागद तरी आला का माझ्याकडं?” आला नव्हता हे खरं आहे. आम्ही घेराव घालत होतो, तहसीलला धरणं धरत होतो, कागद कोणाला सुचला नाही.

म्हणजे त्याच्या मनात वैर होतं असं नाही. ज्याचं ऑफिस आहे, टाईपरायटर आहे, शिपाई आहे, त्याचं म्हणणं त्याच दिवशी पोचतं. ज्याच्याकडं पायवाट आहे त्याचं पोचत नाही. कुणी खोटं न बोलताही बातमी एका बाजूची होते.

आणि कधी कधी खोटं बोलूनच होते. जुनी गोष्ट आहे, म्हाताऱ्यांना माहीत आहे, पण पोरांनी ऐकली पाहिजे. १९४५ साली वारल्यांनी वेठ बंद केली, गवत कापायच्या मजुरीसाठी संप केला. वेठ चालते, हे त्याच्या काही वर्षं आधी सिमिंग्टन नावाच्या इंग्रज साहेबानं सरकारला अहवालात लिहून दिलं होतं. अहवाल छापला गेला, वेठ चालूच राहिली. ती थांबली झरीच्या परिषदेनंतर, माणसांनी ‘नाही’ म्हटल्यावर. मग ऑक्टोबरात सावकार-जमीनदारांनी एक युक्ती केली. त्यांच्याकडं रेडिओ नव्हता की पेपर नव्हता. त्यांनी पाड्यापाड्यांवर निरोप धाडला, की गोदूताई परुळेकर तलवाड्याला सभा घेणार आहेत, सगळ्यांनी या, हातात काठ्या-कोयते घेऊन या. आणि दुसरीकडं पोलिसांना कळवलं, की आदिवासी हत्यारं घेऊन जमलेत, आता लूटमार होणार. गोदूताई येणारच नव्हत्या. लोक हजारांनी आले, रात्रभर वाट बघत बसले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं तिथं मेले. गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे लिहून ठेवलंय म्हणून आज सांगता येतं.

एकच बातमी, दोन तोंडांनी. आपल्याला सांगितलं सभा आहे, पोलिसांना सांगितलं दंगा आहे. आपण निरोप कोणाकडून आला ते विचारलं नाही, पोलिसांनी खरं काय ते विचारलं नाही. आज मोबाईल आलेत, दोन-तीन पोरांच्या खिशात मला दिसतात. उद्या कोणी त्यावरून कळवलं की अमुक ठिकाणी जमा, तर आधी विचारा कोणी सांगितलं.

आता सिनेमा. त्यावर फार वेळ घालवत नाही, कारण तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. हिरो-हिरॉईन जंगलात वाट चुकतात, मग काळे रंगवलेले लोक डोक्याला पिसं बांधून भाले घेऊन येतात आणि झिंगालाला करत नाचतात. गणपतीत व्हिडिओ आणला की आपलीच पोरं ते बघून खदखदा हसतात. आमच्या गावाला एकदा शूटिंगवाले आले होते. तारपा नाच पाहिजे म्हणाले. आम्ही कपडे धुऊन, नवे फेटे घालून उभे राहिलो. त्यांचा माणूस म्हणाला, सदरे काढा, आणि एका पोत्यातून पिसं काढली. माझ्या काकानं एक पीस हातात घेऊन विचारलं, “ह्या कंच्या पाखराचं?” ते कोंबड्याचं होतं, निळं रंगवलेलं. काका तारपा घेऊन घरी गेला. आम्ही बाकीचे नाचलो, पन्नास-पन्नास रुपये मिळाले, सणाचा बाजार झाला. मी पण घेतले. त्यात लपवण्यासारखं काही नाही, त्या महिन्यात कामच नव्हतं.

चित्रांचं थोडं वेगळं आहे, तिथं मला एकच एक बोट दाखवता येत नाही. लग्नात सुवासिनी कुडाच्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या, मध्ये पालघट देवी. धवलेरी गाणार, तेव्हा ते लग्न. चौक नाही तर लग्न नाही. सत्तरच्या सुमाराला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार आपल्या भागात आले, त्यांनी कागद दिले. कलंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे कागदावर चित्रं काढू लागले आणि १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वारली हा शब्द जगभर गेला. आधी डहाणूच्या बाहेर कोणी विचारत नव्हतं. माझा भाचा आज चित्रं काढून आपलं कॉलेजचं भाडं भागवतो. हे चांगलं नाही असं मी कसं म्हणू?

पण दोन गोष्टी बघा. भिंतीवर हे काम बायांचं होतं. कागद आला, पैसा आला, नाव छापून यायला लागलं, तशी कागदावर जास्त करून पुरुषांची नावं आली. आणि दुसरं, हॉटेलच्या भिंतीवर, साडीवर, सरकारच्या कॅलेंडरवर तारपा नाच आहे, पण तो नाच ज्या खळ्यात होतो त्या खळ्याची जमीन कोणाची, ते तिथं लिहिलेलं नाही. मला एका ऑफिसात साहेब भेटले, त्यांच्या मागं भिंतीवर हे मोठं वारली चित्र. नांगर, बैल, भाताची लावणी, सगळं. त्या चित्राखाली बसून ते मला म्हणाले, तुम्ही लोक शेती करता याचा पुरावा काय? मी चित्राकडं बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

तर असं आहे. नाचणारा आदिवासी लोकांना आवडतो. उपाशी आदिवासी पण चालतो. १९९२ साली जव्हारकडं वावर-वांगणीला पोरं मेली, तेव्हा शहरातून गाड्या भरून पत्रकार आले. ते आले ते बरं झालं, नाहीतर कोणाला कळलं नसतं. पण तेव्हापासून एक शब्द रूढ झाला, कुपोषण. मी डॉक्टर नाही, तो शब्द चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण आपण ‘भूक’ म्हणतो तेव्हा पुढचा प्रश्न येतो की धान्य का नाही, मग जमीन का नाही, मग जमीन कोणी घेतली. ‘कुपोषण’ म्हटलं की पुढं येतो वजनकाटा आणि सुकडीचं पाकीट. दोन्ही लागतं. पण एका शब्दात जमीन येते आणि दुसऱ्यात येत नाही.

नावाचं पण असंच. काही लोक आपल्याला वनवासी म्हणतात. प्रेमानं म्हणत असतील. वनवासात राम गेला होता, चौदा वर्षांनी आपल्या घरी परत गेला. आपलं परत जायचं घर कुठलं? घटना लिहायला दिल्लीला जी सभा बसली, तिच्यात जयपालसिंग मुंडा होते, झारखंडचे, १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कप्तान. डिसेंबर १९४६ मध्ये ते उभे राहिले आणि म्हणाले, आम्हाला जंगली म्हणतात, त्याचा मला अभिमान आहे. पुढं हिंदी भाषांतरात ‘आदिवासी’ न लिहिता ‘वनजाती’ लिहिलं, त्यालाही त्यांनी हरकत घेतली. घटनेत शेवटी ‘अनुसूचित जमाती’ आलं. म्हणजे शब्दाचं हे भांडण आपण आज काढलेलं नाही, साठ वर्षं झाली.

आता या कायद्याकडं येतो. वनहक्काचं बिल दिल्लीला होतं तेव्हा, २००५-०६ मध्ये, टीव्हीवर आणि इंग्रजी पेपरात काय चाललं होतं? वाघ की आदिवासी. राजस्थानात सरिस्काला वाघ संपले हे २००५ साली उघड झालं होतं, ते दुःख खरंच होतं. पण चर्चा अशी झाली की जंगल सगळ्या आदिवासींना वाटून टाकणार, मग वाघ कुठं राहणार? कायद्यात असं वाटप कुठंच नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधी जी जमीन प्रत्यक्ष तुमच्या कब्जात होती, कसत होता, तेवढीच, आणि ती पण जास्तीत जास्त चार हेक्टर. एक गुंठा नवीन मिळत नाही. हे टीव्हीवर किती जणांनी सांगितलं?

आणि वाघाचं आम्हाला सांगतात! वाघ मारला म्हणून बक्षीस कोण द्यायचं? इंग्रज सरकार. मेलेल्या वाघावर पाय देऊन फोटो कोणाचे आहेत? राजांचे, साहेबांचे. आपल्या शिवारात वाघदेव आहे. दगडावर नाहीतर लाकडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, शेंदूर लावलेला. दिवाळीच्या आधी वाघबारशीला आपण त्याला पुजतो. हा वाघदेव कोणत्याही चॅनेलवर आला नाही.

पण कायद्यात आला. हे नीट ऐका, म्हणूनच मी एवढं लांबून आलो. या १ जानेवारीला कायद्याचे नियम निघाले. त्यात पुरावा कोणता चालतो त्याची यादी आहे, नियम १३. सरकारी कागद आहेत, रेशनकार्ड, मतदार कार्ड आहे. पण पुढं लिहिलंय: घर, झोपडी, जमिनीची सपाटी, बांध. पुढं विहीर, पुरण्याची जागा, देवाच्या जागा. आणि पुढं लिहिलंय: दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं सांगणं, लिहून घेतलेलं. यातले एकापेक्षा जास्त पुरावे ग्रामसभेनं बघायचे आहेत.

आजपर्यंत आपल्याकडं चालत होतं काय? दंडाची पावती. गार्डानं गुन्हा नोंदवला, दंड केला, पावती दिली, तर तुम्ही तिथं होता हे खरं. आणि ज्यानं गार्डाला कोंबडी दिली, भाताची पायली दिली, त्याला पावती नाही, म्हणून तो तिथं नव्हताच! आपल्या जमिनीची गोष्ट सगळी फॉरेस्टच्या पावतीबुकात होती. आता पहिल्यांदा कायदा म्हणतो की म्हातारीला विचारा. आणि आपण काय करतोय?

मी काय केलं ते सांगतो, दुसऱ्याचं सांगत नाही. फेब्रुवारीत मी एका गावात चाळीस दावे भरले. एका दिवसात. वडीलधाऱ्यांच्या जबाबाचा मी एक नमुना करून ठेवला होता, नाव-गाव बदलायचं, खाली अंगठा. नमुन्यात वाक्य होतं, ‘सदर इसम गेल्या तीस वर्षांपासून सदर वनजमिनीवर अतिक्रमण करून शेती करीत आहे, हे मला माहीत आहे.’ चाळीस जणांना तेच वाक्य. मला वाटलं किती काम उरकलं. संध्याकाळी एक आजी अंगठा द्यायला बसली, तिनं विचारलं, “काय लिवलंस ते वाच.” मी वाचलं.

ती म्हणाली, “हे मी कवा बोलली?”

म्हटलं, “आजी, असंच लिहायचं असतं.”

“मग मला कशाला विचारतोस? अंगठा तुझाच दे.”

आजूबाजूचे पुरुष तिला समजावायला लागले, की तुला काही कळत नाही, तो शिकलेला आहे, दे अंगठा. मी त्यांना गप्प केलं, कारण मला लाज वाटली. पेपरवाल्यानं माझ्या आईला न विचारता लिहिलं म्हणून मी सहा वर्षं राग धरून बसलो होतो, आणि इथं मीच तेच करत होतो. शब्दसुद्धा तोच, अतिक्रमण.

मी कोरा कागद घेतला. म्हटलं, आजी, तू सांग, मी लिहितो. ती आपल्या पुतण्याच्या प्लॉटबद्दल सांगत होती. तिनं साल सांगितलं नाही, तिला ते येत नाही. ती म्हणाली, नशबंदीवाले गाडी घेऊन यायचे त्या साली. पुरुष दिवसा घरी राहायला घाबरायचे, रानात जाऊन लपायचे. तेव्हा माझा धनी आणि ह्याचा बाप रातच्याला चांदण्यात येऊन आंब्याच्या खालचा बांध घालायचे, मी भाकर घेऊन जायची. आता बघा, ती आणीबाणी आहे, १९७६ साल. कोणत्या पावतीवर एवढं स्पष्ट लिहिलेलं असतं? मग म्हणाली, इंदिराबाईला मारली त्या साली पहिल्यांदा तिथं भात केला, आधी नुसती वरई व्हायची. म्हणजे १९८४. मग बांधाच्या वरच्या अंगाला मोह आहे तिथपर्यंत आली आणि थांबली.

मी म्हटलं, आजी, पुढं?

ती म्हणाली, “मोहाच्या खाली माझी पोर पुरलेली हाय. दीड वरसाची व्हती.”

तिथं बसलेल्या कोणालाच हे माहीत नव्हतं. पुतण्याला पण नव्हतं, त्याचा जन्म नंतरचा. सगळे गप्प. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, आजी, हे लिहू की नको? पुरण्याची जागा पुरावा म्हणून चालते, पण तुझी इच्छा नसेल तर बांध आणि भात पुरेसं आहे. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पेपरात देशील?” म्हटलं, नाही, ग्रामसभेत वाचू आणि मग प्रांताकडच्या समितीला जाईल. ती म्हणाली, “लिव मग. पण सगळं वाच त्यांच्यासमोर. मधलं गाळून वाचशील तर नको लिवू.”

त्या एका जबाबाला दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी मी बाकीचे एकोणचाळीस कागद फाडले. लोक रागावले, बरोबर आहे, अंगठ्याची शाई वाया गेली, मजुरीचा दिवस गेला. त्या गावाचे दावे अजून पूर्ण झालेले नाहीत, सतरा राहिलेत. तीन महिन्यांची मुदत आहे, ती माझ्या डोक्यावर आहे. तुमच्यापैकी कोणी म्हणेल की एवढा वेळ कुठून आणायचा, तर माझ्याकडं त्याचं पूर्ण उत्तर नाही. पण चाळीस कागद एकाच वाक्याचे गेले तर वरच्या समितीतला माणूस पहिला वाचेल आणि बाकीचे बाजूला ठेवेल. आणि म्हणेल, हे लोक नाही बोलले, संघटनेचा माणूस बोलला. त्याला तसं म्हणायला मीच जागा दिली असती.

(ही आजी आज इथं बसलेली आहे. तिला विचारून मी हे सांगितलं. नाव घेऊ नको म्हणाली, म्हणून घेत नाही.)

तेव्हा लिहिणाऱ्या पोरांनो, तुम्ही सहावी-सातवी, कोणी दहावी शिकलात. आपल्या पाड्यावर आता तुम्हीच पेपर आहात, तुम्हीच टीव्ही. ज्याच्या हातात पेन त्याचा गार्ड व्हायला वेळ लागत नाही, मला एक दिवस लागला. आजी ‘आमी’ म्हणाली तर ‘आमी’ लिहा. ‘सदर’ लिहू नका. ‘अतिक्रमण’ तर मुळीच नको. आपण कसतो, आपण वहितो, असं लिहा. साल आठवत नसेल तर कोणतं लग्न, कोणता पूर, कोणती निवडणूक ते विचारा, साल आपण काढू. बाई सांगत असेल तर पुरुषांना दूर बसवा. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत असं नियमात आहे, नुसत्या सह्यांना नाही. बांधाची खूण कोणाला जास्त माहीत असते? निंदणी कोण करतं?

आणि जे बाहेर सांगायचं नाही ते सांगू नका. काही देवांच्या जागा अशा आहेत की तिथं फोटो काढू देत नाहीत, त्यांचं नुसतं नाव आणि दिशा पुरे. शहरातला पत्रकार चांगला असला तरी सगळं त्याला दाखवलं पाहिजे असं नाही. तो येईल तेव्हा त्याला बसवा, चहा द्या, आणि एक कागद हातात द्या: काय झालं, कधी झालं, किती घरं, आमचं म्हणणं काय. कागद त्याच दिवशी झाला पाहिजे, चार दिवसांनी नाही. बाजारातल्या त्या वार्ताहराला आता आम्ही असाच कागद देतो. मागच्या महिन्यात त्यानं पाच ओळी छापल्या. चौथ्या पानावर, खाली, पण त्यात वनहक्क दावेदार असं लिहिलं होतं, अतिक्रमक नाही.

आपल्या पत्रकाबद्दल काही पोरं म्हणतात की हे सायक्लोस्टाईल आता कोण काढतं, शाई हाताला लागते, अक्षर फुटतं. खरं आहे. पण सकाळपासून लोडशेडिंग आहे, शाळेतला कॉम्प्युटर बंद आहे, आणि आपलं मशीन हातानं फिरतंय. पुढच्या अंकाला दोन पानं जबाबांना ठेवलीत. ज्यांची परवानगी असेल त्यांचेच छापायचे, बोलीत, जसे आहेत तसे. गावात वाचून दाखवायला उपयोग होईल, दुसऱ्या म्हाताऱ्यांना आठवेल.

आता चहा आलाय. चहानंतर पाड्याप्रमाणे बसायचं आहे, प्रत्येक गटात एक लिहिणारा आणि दोन म्हातारी माणसं, त्यातली एक बाई. कागद टेबलावर आहेत, पेन स्वतःचं आणा. आणि नदीपलीकडच्या गावानं नकाशात विहीर दाखवली आहे, वाघदेव दाखवायचा राहिलाय. तो कोणाच्या बांधावर येतो त्यावर तिथं दोन मतं आहेत. दोन्ही घरची माणसं आली असतील तर माझ्याकडं थांबा.